मौलूद आणि सीरत एक नव्हे

उर्दूत पैगंबरांवर लिहिलेलं काहीही दिसलं, अगदी त्यांच्या जन्मकथेचा मौलूदही, की आपले लेखक त्याला सरसकट ‘सीरत’, म्हणजे पैगंबरांचं चरित्र, म्हणतात आणि पुढे ‘भक्तिपर चरित्र’ असा शेरा मारतात. वाचून वाचून वीट आलाय.

मौलूद समजायला जड नाही. मजलिस म्हणजे बैठक भरते, पैगंबरांच्या जन्माची कथा गद्यपद्यात वाचली जाते आणि जन्माचा क्षण आला की मंडळी उभी राहून सलाम पढतात. रामनवमीच्या कीर्तनात पाळणा हलतो तो क्षण आठवा, म्हणजे कळेल. मौलूद छोटा, सीरत खंडोगणती, हे फरक किरकोळ.

घोळ होतो तो पुढे. मौलूद श्रद्धेचा आणि सीरत बुद्धीची, असं लोक धरून चालतात. साफ चूक! श्रद्धा दोन्हीकडे सारखीच आहे. फरक आहे तो साक्षीचा. मौलूदमधला प्रसंग ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडला की पुरे. सीरतकाराला मात्र दर प्रसंगाला विचारावं लागतं: हे कुणी सांगितलं, त्याला कुणाकडून कळलं, मधला माणूस भरवशाचा होता का?

ही छाननी मुसलमान विद्वानांना जुनीच, पण इंग्रजी अमलात तिला धार आली. विल्यम म्यूर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८५८ ते १८६१ मध्ये चार खंडांत पैगंबरांचं टीकात्मक चरित्र लिहिलं, तेही जुन्या अरबी ग्रंथांच्याच आधाराने. मग उत्तर देणाऱ्याला त्या ग्रंथांतलं काय भरवशाचं हे तपासणं भागच होतं. तरुणपणी मौलूदच्या मजलिशींसाठी पुस्तिका लिहिणारे अलीगढचे सुधारक सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये लंडनला जाऊन त्याच्या उत्तराला बसले. ते १८७० मध्ये इंग्रजीत निघालं, मग उर्दूत ‘खुतबाते अहमदिया’ म्हणून. कृपा करून त्यालाही सीरत म्हणू नका. ते निबंध आहेत, सलग चरित्र नव्हे.

सलग चरित्र हवं तर उर्दूतले विद्वान शिबली नोमानी यांचं ‘सीरतुन्नबी’. माझी पसंती त्यालाच. शिबली १९१४ मध्ये गेले. पुढचं काम त्यांचे शिष्य सुलेमान नदवी यांनी तडीस नेलं. त्यातलं जन्माचं पान पाहा. भाषा इतकी भरजरी की मौलूदच वाटावा, पण साक्षीचं भान सुटत नाही. त्या रात्री किसराच्या, म्हणजे इराणच्या बादशहाच्या, महालाचे चौदा कंगोरे ढासळले, इराणची पवित्र आग विझली, असं चरित्रकार लिहितात, हे शिबली नोंदवतात. पण लगेच म्हणतात, खरं तर किसराचा महाल नव्हे, इराणची शान आणि रोमचा दबदबा कोसळला.