संगणकीय गणित-प्रश्ननिर्मिती

विद्यार्थ्यागणिक आकडे बदलणारी आणि उत्तर स्वतःच तपासणारी उदाहरणे संगणकावर रचण्याची पद्धत. शिक्षक एक साचा घालतो, त्यातले आकडे संगणक भरतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या उत्तरात डोकावून फारसे काही साधत नाही. मात्र आकडे बदलणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. कोणते आकडे येऊ द्यायचे नाहीत हे ठरवण्यात प्रश्नकर्त्याचा खरा वेळ जातो.

उत्तर सुटसुटीत यावे म्हणून उदाहरण उलट्या बाजूने रचण्याची युक्ती जुनी आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ.स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ ग्रंथात ‘जन्य’ आकृत्यांची रीत दिली. दोन ‘बीज’ संख्या घ्यायच्या. त्यांच्या वर्गांतील फरक, गुणाकाराची दुप्पट आणि वर्गांची बेरीज यांपासून काटकोन त्रिकोणाच्या पूर्णांकी बाजू मिळतात. ३ आणि २ ही बीजे घेतली की ५, १२, १३. आजच्या संगणकातही यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी उचलल्यासारख्या निघणाऱ्या, आकड्यांची मालिका ज्या संख्येपासून सुरू होते तिला बीजच म्हणतात. दोन्ही अर्थांचा एकमेकांशी संबंध नाही, पण योगायोग गोड आहे.

अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या मध्यास मायकेल गेज आणि अर्नोल्ड पायझर यांनी ‘वेबवर्क’ ही प्रणाली उभी केली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात ख्रिस सँगविन यांनी २००४ पासून ‘स्टॅक’ विकसित केली. ती ‘मूडल’ या मुक्त शिक्षणप्रणालीत प्रश्नप्रकार म्हणून जोडता येते. दोन्ही प्रणाली मुक्त परवान्याच्या आहेत, पण तपासण्याची रीत वेगळी. विद्यार्थ्याने बैजिक राशी लिहिली की वेबवर्क तिच्यात काही यादृच्छिक किमती घालून अपेक्षित उत्तराशी ताडून पाहते. स्टॅक ‘मॅक्सिमा’ या बीजगणिती आज्ञावलीकडून दोन्ही राशींची वजाबाकी करवून ती शून्य होते का ते बघते. कोणतीही राशी शून्य आहे की नाही हे हमखास ठरवणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे डॅनियल रिचर्डसन यांनी १९६८ मध्ये सिद्ध केले आहे. शालेय गणितात मात्र ही अडचण सहसा आडवी येत नाही.

आकड्यांची निवड नीट झाली नाही तर चुकीची रीतही बरोबर उत्तर देते. वर्गसमीकरणाची मुळे ३ आणि −३ निघाली, तर चिन्हे उलटी लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण. दोन्ही मुळे २ आली तर बेरीजही ४ आणि गुणाकारही ४, म्हणजे दोहोंत गल्लत करणारा सुखरूप सुटतो. क्ष-वर्गाचे क्ष = २ येथील विकलज (बदलाचा दर, येथे २क्ष) विचारले, तर विकलन न करता नुसता वर्ग करणाऱ्याचेही उत्तर ४ येते. आणि १६/६४ मध्ये वरखालचे ६ खोडून १/४ लिहिणारा विद्यार्थी तर आपली रीत बरोबर आहे असे समजून घरी जातो! म्हणून आधी मुळे निवडायची, त्यांतून समीकरण बांधायचे आणि नडणाऱ्या जोड्या साच्यातच बाद करायच्या. स्टॅकमध्ये लेखक बीजांनुसार तयार झालेली रूपे आधी पाहून घेतो व साधारण सारख्या कठीणपणाची तेवढीच विद्यार्थ्यांसाठी खुली करतो. हे टाळले तर एकाच्या वाट्याला २ आणि ३ येतात, दुसऱ्याच्या वाट्याला १७ आणि −१३. दोघांची परीक्षा मग एक राहत नाही.

पुढची पायरी चुकांचा अंदाज बांधण्याची. स्टॅकमध्ये उत्तर एका फांद्याफांद्यांच्या कसोटीतून जाते. वर्गसमीकरणाची मुळे बरोबर नसतील तर चिन्हे उलटवून उत्तर जुळते का ते पाहायचे. जुळले तर ‘अवयव बरोबर, मुळे लिहिताना चिन्ह चुकले’ असा शेरा द्यायचा आणि हवे तर अर्धे गुण. कोणत्या फांद्या ठेवायच्या हे मुलांच्या वह्या तपासलेल्या शिक्षकालाच सुचते. नुसता आज्ञावलीत तरबेज असलेला माणूस इथे उणा पडतो.

शाब्दिक उदाहरणे मराठीत घालताना व्याकरणही सांभाळावे लागते. साच्यात ‘आंबे’ लिहून ठेवले आणि संख्या १ निघाली की ‘१ आंबे’ उमटते. संख्या २ पासून सुरू करणे हा सोपा उपाय. नावे बदलायची असतील तर ‘रोहित चालला’च्या जागी ‘मीना चालला’ होऊन बसते. कर्मणी प्रयोग येथे कामाला येतो: ‘मीनाने ५ पेरू घेतले’, ‘रोहितने ५ पेरू घेतले’. क्रियापद पेरूंच्या मागे जाते, घेणारा कोण याची त्याला फिकीर नाही. अपूर्णांक शब्दांत हवे असतील तर ‘साडे’ लावणारा नियम ३.५ पासून पुढेच चालवायचा, १.५ चे दीड आणि २.५ चे अडीच हाताने भरावे लागतात. व्याजाच्या गणितात मुद्दल २,५०,००० असे दिसायला हवे, आणि तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देणाऱ्या प्रणालीत तो बदल लेखकालाच करून घ्यावा लागतो.