दारूखाना : जहाजतोडणी आणि पोलादाचा पुनर्वापर

दारूखाना हा मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्यावरचा, माझगाव आणि शिवडी यांच्या मधला भाग. हार्बर मार्गावरचे रे रोड स्थानक त्याला सर्वांत जवळ. नावातली दारू ही बंदुकीची. शोभेच्या आतषबाजीला आपण अजून दारूकाम म्हणतो, त्यातलीच. इंग्रजी अमदानीत इथे दारूगोळ्याचे कोठार होते, त्यावरून हे नाव पडले. आजूबाजूची लाकडी बंदर, कोळसा बंदर, ‘हे’ बंदर (इंग्रजी ‘hay’, म्हणजे गवताचे बंदर) ही नावेही तिथे काय उतरत असे ते सांगतात. गेली अनेक दशके मात्र दारूखान्याची ओळख निकामी जहाजे तोडून त्यातले पोलाद, यंत्रे आणि सामान पुन्हा वापरात आणणारा किनारा अशी आहे.

या धंद्याला भंगार हा शब्द इतका चिकटला आहे की त्यातले यंत्रशास्त्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जहाजतोडणी म्हणजे जहाजबांधणीच उलट्या क्रमाने. बांधताना वजन कुठे येते, कोणता पत्रा कशाला आधार देतो, कोणता सांधा सर्वांत शेवटी जोडला, हे तोडणाऱ्यालाही कळावे लागते. न कळल्यास शेकडो टनांचा तुकडा भलत्याच बाजूला पडतो.

पहिले काम समुद्राचे. जहाज उधाणाच्या भरतीला किनाऱ्याच्या चिखलात चढवतात. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या भरतीचा इशारा मुंबईकराला पाठ असतो. त्याच उधाणावर दारूखान्यात कोणते जहाज कधी घ्यायचे ते ठरते. जहाज टेकले की नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, कापायला सुरुवात होते. पुढचा भाग उतरला की उरलेले धूड हलके होते, पुढच्या उधाणाला थोडे वर उचलले जाते आणि विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) तारदोर ओढून ते आणखी किनाऱ्याकडे घेता येते. कापत जायचे आणि ओढत जायचे. सुकी गोदी आणि प्रचंड क्रेन यांच्याऐवजी इथे भरती-ओहोटी वापरली जाते. ही पद्धत स्वस्त आहे आणि तिच्यामागची समज पक्की आहे. तिचे दुखणेही तिथेच आहे, कारण तेल, रंगाचे पोपडे आणि कचरा पडतो तो थेट चिखलात. गुजरातमधील अलंगला भरती-ओहोटीतला फरक मुंबईच्या जवळजवळ दुप्पट आहे. १९८३ साली तिथे जहाजतोडणी सुरू झाल्यावर मोठी जहाजे तिकडे गेली आणि दारूखान्याकडे मुख्यतः लहान-मध्यम जहाजे, बार्ज (सपाट तळाच्या मालनौका), टग (जहाजे ओढणाऱ्या नौका) आणि नौदलाच्या निवृत्त नौका राहिल्या.

कापणी ऑक्सिजन आणि एलपीजीच्या बाटल्यांवर चालते. बघणाऱ्याला वाटते की कटरची ज्योत लोखंड वितळवते आहे. खरे तर ज्योत फक्त एक ठिपका सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवते. मग सोडलेल्या शुद्ध ऑक्सिजनच्या झोतात लोखंड स्वतःच जळते आणि त्या जळण्याच्या उष्णतेने पुढचे लोखंड पेटण्याइतके तापते. लोखंड वितळायला १,५३८ अंश लागतात, पण त्याचा ऑक्साइड त्याहून कमी तापमानाला पातळ होऊन झोताबरोबर उडतो, म्हणून चीर सरळ पडते. स्टेनलेस पोलादावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा चिवट थर धरतो आणि तांबे-पितळ असे जळतच नाही. त्यामुळे हे धातू वेगळ्या पद्धतीने सोडवावे लागतात. टाकी कापण्याआधी आत ज्वलनशील वायू उरलेला नाही याची तपासणी करून तसा दाखला घेणे ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. तेलाच्या रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतली वाफ ठिणगीने स्फोट घडवते.

जहाज विकले जाते ते त्याच्या रिकाम्या वजनावर. या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग पोलादाचा असतो. या पोलादाला दोन वाटा असतात. वेडेवाकडे, पातळ आणि गंजलेले तुकडे भट्टीत वितळतात. जाड, सपाट प्लेटी मात्र न वितळवता थेट री-रोलिंग मिलला जातात आणि या उद्योगातली खरी कल्पकता इथेच आहे. प्लेटीच्या लांब पट्ट्या कापतात, त्या सुमारे १,१०० ते १,२०० अंशांपर्यंत तापवून लाल करतात आणि एकामागून एक रुळांमधून लाटत कांबी, पट्ट्या, अँगल काढतात. खनिजापासून पोलाद करण्याऐवजी एक टन भंगार वितळवून वापरले तरी साधारण १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो. री-रोलिंगमध्ये वितळवण्याचा खर्चही वाचतो. जहाजाचे पोलाद मुळात चांगले असते. साध्या जहाजी प्रतीतही कार्बन ०.२१ टक्क्यांपर्यंत आणि गंधक व फॉस्फरस प्रत्येकी ०.०३५ टक्क्यांपर्यंतच चालतात.

तरीही अशा कांबीवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. एकाच जहाजात वेगवेगळ्या ताकदीच्या प्लेटी असतात आणि कापून ढीग लागला की कोणती कुठली हे समजत नाही. वेल्डिंगचा सांधा असलेली पट्टी वेगळी काढली नाही, किंवा गंज आणि रंग नीट खरवडला नाही, तर लाटताना तो दोष कांबीच्या पोटात दाबला जातो आणि बाहेरून दिसत नाही. शिवाय साध्या जहाजी पोलादाची कायमचे न लांबता ताण सोसण्याची ताकद (यील्ड) २३५ मेगापास्कलपासून सुरू होते, तर काँक्रीटमधल्या एफई ५०० सळईला किमान ५०० लागते. टीएमटी सळईत ही ताकद लाटून झाल्याबरोबर मारलेल्या पाण्याच्या झोताने येते. बाहेरचा थर कडक होतो, गाभा नरम राहतो. नुसत्या री-रोलिंगने ती येत नाही. म्हणून अशा कांबी ग्रिल, दारे, शेतीची अवजारे, किरकोळ फॅब्रिकेशन यांना योग्य. इमारतीच्या खांबात मात्र रासायनिक घटकांचा आणि ताण-चाचणीचा दाखला असलेलीच सळई घालावी. हा भेद न पाळणे म्हणजे राहणाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे.

पोलाद सोडून बाकीच्या वस्तूंची जगे वेगळीच. जनित्रे, पंप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त होऊन कारखान्यांत जातात. जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्याचे (प्रोपेलरचे) कांस्य आणि केबलमधले तांबे ओतशाळेत जाते. दोर आणि साखळ्यांना मच्छीमार नौकांवर गिऱ्हाईक मिळते. जहाजाच्या पितळी गोल खिडक्या, दिवे आणि होकायंत्रे चोरबाजारात दिसतात.

दारूखान्यात तुटलेले सर्वांत प्रसिद्ध जहाज म्हणजे विमानवाहू आयएनएस विक्रांत. १९४३ साली ब्रिटनमध्ये बांधायला घेतलेली ही नौका ४ मार्च १९६१ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. त्यानंतर २०१२ पर्यंत ती मुंबईत तरंगते संग्रहालय होती. २०१४ मध्ये ती सुमारे ६० कोटी रुपयांना भंगारात विकली गेली. ती वाचवण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, पण ऑगस्ट २०१४ मध्ये मार्ग मोकळा झाला आणि नोव्हेंबरमध्ये तोडणी सुरू झाली. तिच्या धातूचा काही भाग बजाज ऑटोने घेतला आणि २०१६ साली आलेल्या ‘व्ही’ मोटारसायकलच्या इंधनटाकीत वापरला. नौदल गोदीच्या लायन गेटजवळ तिच्याच पोलादाचे स्मारकही उभे आहे. ज्यांनी शाळेच्या सहलीत तिच्या डेकवर पाय ठेवला होता, त्यांना ते पाहून गलबलून येते. मात्र बाकीच्या शेकडो जहाजांचे लोखंड कुठल्या खिडकीच्या ग्रिलमध्ये आहे हे कोणालाच माहीत नसते.

हे काम धोक्याचे आहे. जुन्या जहाजांत उष्णतारोधक म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस, रंगात शिसे आणि केबलांत पीसीबी ही विषारी रसायने सापडतात. रंगासकट प्लेट कापली की शिशाचा धूर थेट कापणाऱ्या कामगाराच्या छातीत जातो. नव्या जहाजांत अ‍ॅस्बेस्टॉसवर आंतरराष्ट्रीय बंदी आहे, पण आज तुटायला येणारी कित्येक जहाजे त्याआधीची आहेत. कामगार प्रामुख्याने उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा इथून आलेले. त्यांचे काम जहाज मिळेल तसे, मुकादमामार्फत मिळते. दारूखान्यातली खरी कमतरता यंत्रांची नाही, ती या माणसांच्या सुरक्षेची आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑक्टोबर २००३ च्या आदेशात तोडणीस येणाऱ्या जहाजाने आधी घातक पदार्थांपासून मोकळे व्हावे अशी अट घातली. जहाजे सुरक्षितपणे तोडण्याविषयीच्या २००९ च्या आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करारात भारत नोव्हेंबर २०१९ मध्ये सामील झाला. त्याच वर्षी जहाज पुनर्चक्रण कायदा झाला आणि २६ जून २०२५ पासून तो करार जगभर लागू झाला. त्यानुसार घातक पदार्थ जहाजात कुठे आणि किती आहेत याची यादी जहाजावर ठेवून ती अद्ययावत करत राहावी लागते. म्हणजे कापणारा कामगार कोणत्या भिंतीला ज्योत लावतो आहे, हे त्याला आधी कळू शकते.

पोलादाचा घाऊक व्यापार दारूखाना आणि कर्नाक बंदरातून नवी मुंबईतील कळंबोलीच्या लोखंड बाजारात हलवण्याचे धोरण जुने आहे आणि बराच व्यापार तिकडे गेलाही आहे. बंदराच्या जमिनीच्या पुनर्विकासाच्या योजनांमुळे तोडणीच्या जागाही चर्चेत असतात. उत्तरेला शिवडीच्या चिखलात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी चरतात. तोच किनारा, तीच भरती. दारूखान्याच्या चिखलात सांडलेले तेल ओहोटीला खाडीत उतरते आणि पुढच्या भरतीला किनाऱ्याने पसरते.