हिरवा ठिपका आणि मानशीचे दार

गोव्यातल्या दिवाडी बेटावर फेरीबोटीतून उतरलात की टेकडीवरच्या चर्चकडे वळू नका. खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीच्या, बांधावर जा आणि ओहोटीची वाट बघा. बांधातली पाणी सोडायची-अडवायची मोरी म्हणजे मानस. मानशीचे लाकडी दार आधी नुसते कुरकुरते. नदी उतरू लागली की आतले पाणी दार बाहेर ढकलते आणि शेतातले पाणी नदीला जाते. भरतीला नदीच ते चौकटीवर दाबून बंद करते. दोन्हीकडच्या पातळीत अर्ध्या मीटरचा फरक पडला, तर पाण्याखालच्या दर चौरस मीटर फळीवर सुमारे ५०० किलो वजनाइतका दाब येतो. मोटर नाही, वीज नाही.

पावसाने मातीतले मीठ धुतले गेले की थोडा खारटपणा सोसणारे कोरगुट भात पेरायचे. मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते, ती वेगळी.

गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन आहे आणि ही पद्धत पोर्तुगीजांच्या आधीची. १५२६ च्या फोराल या सनदेत त्यांनी गावकरीच्या, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थेच्या, चालीरीती लिहून काढल्या, पण मतलब महसुलाशी होता. नावाचेही तसेच. १६७८ पासून ॲमस्टरडॅमला छापल्या गेलेल्या, मलबारच्या वनस्पतींवरच्या १२ खंडांच्या ‘हॉर्टस मलाबारिकस’मध्ये रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र आहे. ग्रंथ मात्र ओळखला जातो डच गव्हर्नर व्हान रीडच्या नावाने.

विज्ञान वसाहतमुक्त करायचे म्हटले की काहींना लगेच पुराणातली विमाने आठवतात. त्या वाटेला मी जात नाही. मानस मोजता येते, तपासता येते. मला खटकते ते मोजणाऱ्याचे उभे राहण्याचे ठिकाण.

बांध फुटला आणि वेळेत सांधला नाही, तर खारे पाणी शेतात ठाण मांडते आणि काही वर्षांत तिथे खारफुटी माजते. उपग्रहाच्या चित्रात तो हिरवा ठिपका ‘वाढ’ म्हणून जमा होतो. शेतकऱ्याला तिथेच बुडालेले शेत दिसते. खारफुटीला कायद्याचे संरक्षण, त्यामुळे ती काढून शेत परत मिळवायचे तर परवानग्यांचे लचांड. खारफुटीवर माझा राग नाही. बांधाच्या नदीकडच्या अंगाला ती लाटांचा जोर मोडते. बांधाच्या कोणत्या अंगाला उगवली, एवढाच फरक. वरून काढलेल्या बेरजेत तो दिसत नाही.

गावकरीचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. तिथला हक्क पुरुषवंशाचा, चिखलात राबणारे बहुधा दुसरेच. १९६४ चा कूळ कायदा हवाच होता. पण बांधाची राखण कूळसंघांकडे गेली आणि ती घडी नीट बसली नाही. मासळीत भातापेक्षा जास्त पैसा दिसल्यावर काही ठिकाणी दार भरतीलाही उघडे राहू लागले. कोरगुट थोडा खार सोसतो, म्हणून काय रोजची भरती सोसेल?

२०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी तरतूद आहे: खाजनांचे नकाशे करा, व्यवस्थापनाचा आराखडा करा, तिथे विकासकामे नकोत. हे काम करणाऱ्यांत उपग्रहाचे चित्र वाचणारा असणारच. भरती कधी लागेल हे घड्याळ न बघता सांगणारा आणि दाराच्या कुरकुरीवरून फळी झिजल्याचे ओळखणारा माणूस त्या टेबलाशी कोणत्या हुद्द्यावर बसवायचा, ते अधिसूचनेत नाही.