मोजणी डोक्यात, नोटा बॅगेत

१९७२ साली कीथ टॅफ्ट हा कॅलिफोर्नियातला इंजिनिअर नेवाडातल्या कॅसिनोत ब्लॅकजॅक (पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची पण वर जाऊ द्यायची नाही, असा कॅसिनोच्या डीलरविरुद्धचा जुगार) खेळायला बसला, तेव्हा त्याच्या अंगावर कपड्यांखाली सुमारे सात किलोचा संगणक बांधलेला होता. त्याचं नाव त्याने ‘जॉर्ज’ ठेवलं होतं. बुटात दोन्ही अंगठ्यांच्या वर आणि खाली बटणं होती. टेबलावर पत्ता उघडा पडला की टॅफ्ट अंगठा हलवून तो संगणकाला कळवी, आणि पुढचा पत्ता घ्यायचा की थांबायचं हे चष्म्याच्या फ्रेममधले बारीक दिवे त्याला सांगत. मायक्रोप्रोसेसर मिळू लागल्यावर त्याने याहून पुष्कळ छोटं यंत्र बनवलं. पुढे टॅफ्ट मंडळींनी पट्ट्याच्या बक्कलमध्येही कॅमेरा बसवला. अखेर १९८५ मध्ये नेवाडाने कायदाच केला: कॅसिनोत खेळाचा अंदाज बांधायला कुठलंही यंत्र वापरणं हा गंभीर गुन्हा.

बंदी आली ती यंत्रावर. डोक्याने पत्ते मोजणं तेव्हाही गुन्हा नव्हता, आजही नाही. म्हणूनच आजचा सराईत मोजणारा लास वेगासला निघतो तेव्हा त्याच्या सामानात वायर, कॅमेरा, इअरफोन असलं काही नसतं; असते ती नोटांची बॅग.

मोजणीचं तत्त्व मेंढीकोट खेळलेल्या कुणालाही चटकन कळेल. किती दश्श्या निघून गेल्या याचा हिशेब ठेवणारा भिडू शेवटच्या हातांत भारी पडतो, तसंच इथे. सर्वात प्रचलित ‘हाय-लो’ पद्धतीत दुर्री ते छक्की दिसली की एक मिळवायचा. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का दिसला की एक वजा करायचा. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायची. बेरीज वाढली म्हणजे उरलेल्या गठ्ठ्यात मोठे पत्ते जास्त आहेत. डीलरला सोळापर्यंत पत्ता घ्यावाच लागतो, त्यामुळे अशा वेळी तो एकवीसच्या वर जाऊन बाद होण्याची शक्यता वाढते. खेळाडूला मात्र बारा-तेरावरही थांबता येतं. शिवाय पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस जमले तर त्याला दीडपट मिळतात. बेरजेला उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागायचं: बेरीज आठ आणि चार कॅट शिल्लक असतील, तर खरा आकडा दोन. हा आकडा एकाने वाढला की पारडं साधारण अर्ध्या टक्क्याने खेळाडूकडे झुकतं.

एवढी मेहनत करून हाती लागते ती सरासरी एक टक्क्याच्या आसपासची आघाडी. नोटांची बॅग सोबत का लागते, त्याचं उत्तर इथे आहे. समजा दर हाताला १०० डॉलर लावले आणि तासाला १०० हात झाले. अपेक्षित कमाई १०० डॉलर. पण एका तासातला नेहमीचा चढउतार ११०० डॉलरच्या वर! हात वाढतात तशी कमाई त्याच प्रमाणात वाढते, चढउतार मात्र फक्त वर्गमुळाच्या प्रमाणात. तरीही दहा हजार हात, म्हणजे शंभर तास, एकही चूक न करता खेळल्यावर पाचातला साधारण एक जण तोट्यातच असतो. या काळात भांडवल संपलं तर गणित बरोबर असून उपयोग शून्य. बेल लॅबमधल्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या, भांडवलाचा किती हिस्सा लावायचा हे सांगणाऱ्या सूत्राने हिशेब केला, तर १०० डॉलरच्या हातामागे तेरा हजारांच्या आसपास भांडवल हवं. अनेक जण सुरक्षिततेसाठी याच्या दुप्पट धरतात.

अमेरिकेत देशांतर्गत विमानाने कितीही रोकड नेता येते, पण संशयावरून पोलीस ती जप्त करू शकतात आणि परत मिळवायला कोर्टात झगडावं लागतं. देशाची सीमा ओलांडताना दहा हजार डॉलरच्या वरची रक्कम जाहीर करावी लागते. कॅसिनोत दिवसात दहा हजारांच्या वर रोखीचा व्यवहार झाला की ओळखपत्र मागून सरकारला कळवतात. ते टाळायला रक्कम तुकड्यांत फोडणं हा वेगळा गुन्हा आहे.

मग लपवायचं काय? आकडा चढला की मोजणारा जास्त पैसे लावतो, ती पैशांतली उडी. आकडा चढला आणि २५ चे एकदम ४०० झाले की पिट बॉसच्या, म्हणजे टेबलांवर नजर ठेवणाऱ्या कॅसिनोच्या माणसाच्या, लक्षात येतंच. सत्तरच्या दशकात अल फ्रान्सेस्को यांनी यावर तोड काढली, आणि मला ती टॅफ्टच्या साऱ्या यंत्रांपेक्षा हुशारीची वाटते. मोजणारे वेगवेगळ्या टेबलांवर किरकोळ पैसे लावत बसत. आकडा चढला की खूण करत, आणि श्रीमंत पाहुण्यासारखा वावरणारा दुसराच माणूस येऊन पहिल्या हातापासून मोठी रक्कम लावे. एकाच्याही पैशांत उडी दिसत नसे. याच संघातला केन अस्टन पुढे इतका ओळखीचा झाला, की त्याला वेषांतर करून खेळावं लागे. अटलांटिक सिटीत त्याला खेळू दिलं नाही तेव्हा तो कोर्टात गेला, आणि १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निव्वळ पत्ते मोजतो म्हणून कॅसिनो कुणाला हाकलू शकत नाही. नेवाडात मात्र कॅसिनो आजही हाकलू शकतो.

कॅसिनोचा खरा उपाय आहे पिसण्यात. डीलर गठ्ठ्यात एक रंगीत कार्ड खुपसतो. तिथवर पोचलं की सगळे पत्ते पुन्हा पिसायचे. हे कार्ड जितकं आधी येईल तितका मोजणीचा उपयोग कमी. काही टेबलांवर तर यंत्र वापरलेले पत्ते लगेच परत घेऊन सतत पिसत राहतं. तिथे मोजण्यासारखं जवळजवळ काही उरत नाही. मोजणारा अशा टेबलावर बसतच नाही.