नवी वृक्षजाती जाहीर करताना होलोटाइपवर गाडी का अडते

झाडाची नवी जात सापडली तर ती ‘मंजूर’ करणारं कार्यालय कुठेच नाही. पदवीचीही अट नाही. वनस्पती नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे वर्णन प्रसिद्ध झालं की नाव वैध. वर्णन लॅटिनमध्येच हवं ही अट १ जानेवारी २०१२ पासून गेली, आता इंग्रजीही चालतं.

गाडी अडते ती होलोटाइपवर. नाव ज्या एका नमुन्याला कायमचं बांधलं जातं, तो हा. मध्यंतरी एक विद्यार्थिनी सुकवलेले नमुने चिकटवलेली शीट घेऊन आली. डावीकडे मार्चमधली फुलं, उजवीकडे मे महिन्यातली फळं, खाली एकच क्रमांक. “पण सर, झाड तर एकच आहे ना?” झाड एकच, पण तारखा दोन म्हणजे संकलनंही दोन, आणि होलोटाइप एकाच संकलनातला हवा. असा होलोटाइप दिला तर नाव वैधच ठरत नाही. दोन वर्षांची तिची मेहनत त्या लेबलवर अडकली होती. फुलांची फांदी होलोटाइप करा आणि फळांना वेगळा क्रमांक देऊन पॅराटाइप, म्हणजे लेखात उल्लेखलेला जोडनमुना, म्हणून नोंदवा. काटेसावरीसारखं पानं गळल्यावर फुलणारं झाड असेल तर पानांचंही तसंच. लेखात ‘होलोटाइप’ किंवा ‘टाइप’ हा शब्द आणि नमुना ठेवलेल्या हर्बेरियमचं (सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचं) नाव असलंच पाहिजे.

त्याआधी परवानगी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दारावरच्या तिकिटावर फांदी तोडता येत नाही. मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते आणि ती नागपूरहून येते. अर्जात नुसतं ‘अभ्यास’ लिहू नका, ‘नमुने गोळा करणे’ असं स्पष्ट लिहा. फाइल टेबलावर पडून राहते, तेवढ्यात बहर झडतो आणि वर्ष वाया जातं. हे इतक्यांदा पाहिलंय की चीड येते. म्हणून अर्ज आधीच्या पावसाळ्यातच टाका.

जात खरंच नवी आहे का, हे ताडून बघायला मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं १९०६ सालचं ब्लाटर हर्बेरियम आहे. मुंबई इलाख्यातले कितीतरी जुने नमुने लंडनमधल्या क्यू वनस्पती उद्यानाच्या हर्बेरियमला गेले, त्यांची छायाचित्रंही बघा. नमुने सुकवताना कागद रोज बदला, इथल्या दमट हवेत बुरशी लगेच धरते.

जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती नियुक्त संस्थेला कळवून नमुना जमा करावा लागतो. वनस्पतींसाठी अशी एक संस्था म्हणजे भारतीय वनस्पती सर्वेक्षण. तिचं पश्चिम केंद्र पुण्यात आहे. जमा केल्याची पावती लेख पाठवण्याआधी हातात घ्या.