रक्ताधिक्य आणि रक्तसंचय

शरीराच्या एखाद्या भागात नेहमीपेक्षा जास्त रक्त आहे, एवढे कळून भागत नाही. ते जास्त येत आहे की आलेले बाहेर पडत नाही, हे पाहावे लागते. पहिली स्थिती म्हणजे रक्ताधिक्य, अर्थात हायपरीमिया. दुसरी रक्तसंचय, अर्थात कंजेशन. दोन्हींना सरसकट ‘रक्तसंचय’ म्हणणे मला चुकीचे वाटते, कारण संचयात रक्त वाढते, पण त्याचा प्रवाह मंदावतो.

बोटाच्या मुळाशी थोडा वेळ रबरबँड गुंडाळला, तर पातळ भिंतींच्या शिरा आधी दबतात, धमन्यांतून मात्र रक्त येतच राहते, आणि बोट फुगून काळपट निळे दिसू लागते. हा रक्तसंचय. रबरबँड काढताच तेच बोट लालबुंद होते, कारण प्राणवायू कमी पडलेल्या पेशींनी सोडलेल्या द्रव्यांमुळे सूक्ष्म धमन्या रुंदावलेल्या असतात आणि ताजे रक्त जोराने आत शिरते. हे रक्ताधिक्य.

रक्ताधिक्य बहुधा गरजेपोटी होते. विश्रांतीत 100 ग्रॅम स्नायूतून मिनिटाला साधारण 3 ते 4 मिलिलिटर रक्त वाहते, तर कसून व्यायाम करताना 50 मिलिलिटरहून अधिक. जखमेभोवतीची लालीही याच प्रकारची.

रक्तसंचयामागे मात्र पुढे कुठेतरी अडथळा असतो. मोरी तुंबली की पाणी मागे चढते, तसेच हे. हृदयाची डावी बाजू दुबळी झाली तर रक्त फुप्फुसांत तुंबते, पाणी वायुकोशांत झिरपते आणि आडवे पडले की दम लागतो. उजवी बाजू थकली तर यकृतात रक्त साठते, आणि दीर्घकाळ तसेच राहिले तर कापलेल्या यकृतावर गडद लाल आणि फिकट ठिपक्यांची अशी नक्षी दिसते, की विकृतिशास्त्रात त्याला ‘जायफळी यकृत’च म्हणतात. तिथल्या पेशी प्राणवायूवाचून मरतात. पुढे तंतू वाढून यकृत निबर होते.

मुका मार लागल्यावर आपण ‘रक्त साकळले’ म्हणतो, ते या दोन्हींहून वेगळे; तिथे रक्त वाहिनीबाहेर आलेले असते.

सावळ्या त्वचेवर लाली किंवा निळसरपणा चटकन दिसत नाही, म्हणून स्पर्श महत्त्वाचा. गळवाभोवतीची त्वचा हाताच्या पाठीला गरम लागते. हृदय थकलेल्या माणसाच्या सुजलेल्या घोट्यापाशी अंगठ्याने दाबले, तर खळगा पडतो आणि अंगठा काढल्यावरही काही वेळ तसाच राहतो.