कुंडीतलं ऑलिव्ह आणि त्याचं खत

आमच्या नर्सरीतून ऑलिव्हचं रोप नेणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: फळं कधी धरतील? ठाण्यात धरणार नाहीत, असंच समजून न्या. मोहोरासाठी या झाडाला हिवाळ्यात कित्येक आठवडे चांगली थंडी लागते, आणि आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेही एक शाल पुरते. राजस्थानात इस्रायलच्या मदतीने ऑलिव्हची लागवड झाली, ती बिकानेरसारख्या कडक थंडीच्या भागात. इथे रोप ठेवायचं ते रुपेरी पानांसाठी.

झाड मूळचं भूमध्य समुद्राकाठचं, चुनखडीच्या, झटकन निचरा होणाऱ्या जमिनीतलं. तिकडे पाऊस हिवाळ्यात, वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर. ठाण्यात चार महिन्यांत त्याच्या चार-पाचपट कोसळतो. म्हणून इथली ऑलिव्हं बहुतेक मुळं कुजून जातात, आणि घाबरलेला मालक वर आणखी खत घालत राहतो.

भरणीसाठी दोन भाग लाल माती, एक भाग जाड रेती किंवा चाळलेला मुरूम, एक भाग शेणखत. कोकोपीट नको, ते पाणी धरून ठेवतं. आपली लाल माती जांभ्याची, आम्लधर्मी. ती आम्लता कमी करायला १४ इंची कुंडीला मूठभर लाकडाची राख मिसळा. अंड्याची टरफलं चालतील, पण मिक्सरमधून काढून. अख्खी टाकलेली वर्षभर तशीच दिसतात.

शेणखत कोणाकडूनही घ्या, पण पोत्यात हात घालून बघा. आत गरम लागलं तर ते अजून कुजतंय. मुरलेलं खत भुसभुशीत असतं आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. कच्च्या शेणातून हुमणीच्या अळ्या येतात आणि मुळं कुरतडतात.

वरखत वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आसपास आणि होळीला: दोन मुठी गांडूळखत, अर्धी मूठ निंबोळी पेंड. कुंडीच्या कडेने माती उकरून घाला, बुंध्याला चिकटवू नका. जून ते सप्टेंबर काहीच घालू नका. सगळं वाहून खालच्या मजल्यावरच्या बाल्कनीत जातं, आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघतो.

पेंड घातल्यावर चार-पाच दिवसांत मातीवर पांढरी बुरशी दिसते. तिचे फोटो आम्हाला व्हॉट्सॲपवर नेमाने येतात! घाबरू नका, पेंड कुजते आहे एवढंच. खुरप्याने मातीत मिसळून टाका. वास मात्र दोन दिवस राहतो.

मुरबाड-शहापूरकडे जमीन असेल आणि फळच हवं असेल, तर ऑलिव्हचा नाद सोडून हापूस लावा. दहा वर्षांच्या झाडाला पावसाळ्याच्या तोंडावर ५० किलो शेणखत, फांद्यांच्या घेराखाली गोल चर खणून.

कुंडी बदलायची असेल तर इथे घेऊन या, भरणी आम्ही करून देतो. फक्त मे संपायच्या आत या, आणि कुंडीखालची ताटली घरीच ठेवा; पावसाळ्यात ती लागणार नाही.